मिटल्या डोळ्यांपुढील चित्र



वैशाखाचे दिवस आहेत. आपण क्षणभर डोळे मिटावेत आणि तिखटमीठ लावलेली कैरीची हिरवी फोड दाताखाली आली आहे, एवढेच मनात आणावे. तोंडाला पाणी सुटले की नाही? या मंडपात कैरी नाही. पाणी मात्र खरे आहे. मनातील चित्राचा देहावर परिणाम होतो, हे पटवून घेण्यास याहून मोठ्या प्रयोगशाळेची गरज नाही. चित्त स्थिर करण्यासाठी आणि दुखणे हलके करण्यासाठी माणसाने या शक्तीचा उपयोग कसा केला आणि ती कोठवर पोचते, हा आजचा विषय आहे. तो सांगताना मला दोन गोमंतकीयांचे बोट धरावयाचे आहे.

पहिले धर्मानंद कोसंबी. साखवाळ गावचा हा तरुण बुद्धाच्या शिकवणीच्या ओढीने १८९९ साली घर सोडून निघाला आणि पुणे, काशी, नेपाळ करीत सिंहलद्वीपास पोचला. पुढे १९१२ पासून सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संशोधनासाठी त्यांनी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या वाऱ्या केल्या. त्यांची नागरी आवृत्ती १९४० साली मुंबईस निघाली. हार्वर्डची आवृत्ती मात्र त्यांच्या निधनानंतर, १९५० साली प्रसिद्ध झाली.

हा ग्रंथ बुद्धघोषाने इसवी सनाच्या पाचव्या शतकात अनुराधपुरास रचला. ध्यानाचे चाळीस विषय त्यात सांगितले आहेत. त्यांपैकी पहिला पृथ्वी-कसिण. अरुणवर्णाच्या मातीचे, एक वीत चार अंगुळे व्यासाचे, गुळगुळीत मंडल करावयाचे. त्यापासून अडीच हात अंतरावर बसून ते शांतपणे पाहावयाचे, मग डोळे मिटावयाचे. पुन्हा पाहावयाचे, पुन्हा मिटावयाचे. उघड्या डोळ्यांना दिसते तसेच ते मिटल्या डोळ्यांपुढे दिसू लागले, म्हणजे मातीचे मंडल तेथेच सोडून साधकाने आपल्या जागी परतावे आणि मनातील चित्रावरच चित्त ठेवावे. प्रथम त्या चित्रात मूळ मंडलाचे दोषही दिसतात. पुढे निर्दोष, स्वच्छ असे रूप प्रकट होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे ध्यानाचा विषय द्यावा आणि तो जाणत्या कल्याणमित्राकडून घ्यावा, अशी शिस्त या ग्रंथाने घालून दिली आहे. शिवाय या साधनेचा हेतू रोगनिवारण नव्हे. ते चित्र चित्त एकाग्र करण्यापुरते आहे. त्याच्या आधाराने साधकाने स्वतःच्या मनाकडे पाहावयास शिकावयाचे.

दुखणे बरे करण्याच्या वाटेने ही शक्ती कशी आली, हे पाहण्यासाठी आपणांस अठराव्या शतकातील पॅरिसला गेले पाहिजे. व्हिएन्नाचा वैद्य मेस्मर १७७८ साली तेथे आला. विश्वात एक अदृश्य द्रव भरलेला आहे आणि तो रोग्याच्या देहात खेळविण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी आहे, असे तो सांगे. रोगी थरथरत, बेशुद्ध पडत, आणि काही बरेही होत. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. फ्रँकलिनच्या बागेतील एका झाडात तो 'द्रव' भरण्यात आला आणि बारा वर्षांच्या एका मुलाचे डोळे बांधून त्यास एकेका झाडाला मिठी मारावयास लावले. चौथ्या झाडापाशी तो बेशुद्ध पडला. आणि द्रव भरलेले झाड तर दूरच राहिले होते! समितीने निर्णय दिला की द्रव नाही, आहे ती कल्पना. मेस्मरचा पाडाव झाला. तथापि खरा प्रश्न तसाच राहिला : नुसत्या कल्पनेने मुलगा बेशुद्ध पडत असेल, तर ही कल्पना आहे तरी काय?

या प्रश्नाच्या मुळाशी गेला तो आपला दुसरा गोमंतकीय, आबे फारिया. जन्म १७५६, बारदेशातील कांदोळी येथे. १७७१ साली बापाबरोबर तो लिस्बनला निघाला आणि पुढे रोममध्ये पाद्री झाला. त्याच्याविषयी एक आख्यायिका आहे. एका थोर सभेपुढे प्रवचनास उभे राहताच त्याची वाचा बसली. तेव्हा बाप कोंकणीत पुटपुटला, की ही समोर बसली आहे ती सगळी भाजी आहे, काप भाजी! आणि मुलाची जीभ सैल झाली. आख्यायिका खरी असो वा नसो, मनापुढचे चित्र बदलताच भीती जाते, हे तिचे मर्म खरे आहे.

१८१३ पासून फारियाने पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले. तो माणसाला खुर्चीवर बसवी, डोळे मिटून झोपेवर मन एकाग्र करावयास सांगे आणि मग आज्ञा करी, 'झोपा!' माझ्यापाशी द्रव नाही की सिद्धी नाही. जे घडते ते झोपणाऱ्याच्याच मनात घडते, असे तो स्पष्ट सांगे. रक्ताच्या पातळपणाविषयीची त्याची उपपत्ती पुढे टिकली नाही; हा मूळ सिद्धांत टिकला. पण १८१६ साली रंगभूमीवर त्याची टवाळी झाली, गर्दी ओसरली, आणि १८१९ साली, त्याचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी, तो वारला. पणजीत १९४५ पासून उभा असलेला त्याचा पुतळा शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला आहे.

पुढची पायरी बर्लिनच्या शुल्ट्झ या वैद्याची. त्याचा ग्रंथ १९३२ साली निघाला. त्याने आज्ञा करणाऱ्यालाच रजा दिली. रोग्याने स्वतःच स्वस्थ बसून 'माझा हात जड झाला आहे, हात ऊबदार झाला आहे' असे मनात आणावे. अशाने हाताच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि हात खरोखरच ऊबदार होतो. बुद्धघोषाचा साधक जसा आपल्या चित्रापाशी एकटा असतो, तसा येथे रोगी एकटा झाला.

मग मर्यादा कोठे येते? १९७८ साली कार्ल सायमंटन या अमेरिकन कर्करोगतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह एक पुस्तक लिहिले. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगावर तुटून पडत आहेत असे चित्र रोग्याने औषधोपचाराच्या जोडीने रोज मनापुढे आणावे, असे त्यात सांगितले होते. ते फार गाजले. आज आपण इतके म्हणू शकतो, की अशा अभ्यासाने अनेकांची धास्ती कमी होते, वेदना सोसवते, औषधाने होणारी मळमळ काहीशी आवरते. पण त्याने गाठ विरघळते, असे सिद्ध झालेले नाही.

हे मी आग्रहाने सांगतो, कारण या विद्येच्या नावाने दोन अन्याय घडतात. कोणी आजाऱ्याला औषध सोडावयास लावतो. तेथे जीव धोक्यात येतो. आणि रोग वाढला की कोणी म्हणतो, 'तुमचीच भावना कमी पडली!' आधीच खचलेल्या माणसावर हा दोष ठेवणे क्रूरपणाचे आहे. फारियाने वैद्याची सिद्धी नाकारली ती रोग्याला मोकळे करण्यासाठी; अपयशाचे खापर त्याच्या माथी फोडण्यासाठी नव्हे.

म्हणून आपल्या घरी कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर त्याच्या उशाशी बसून त्याला आवडीची नदी, गावचे अंगण, देवघरातील समई मनापुढे आणावयास अवश्य सांगा. त्याचा श्वास संथ होईल, रात्र सरेल. मात्र औषधाची वेळ झाली की औषध द्या. कैरीच्या कल्पनेने तोंडाला पाणी सुटते, हे आपण आताच अनुभवले. पण कल्पनेतील कैरीचे लोणचे अद्याप कोणाच्या पानात पडलेले नाही.