कोपनहेगनच्या पाच विद्यार्थ्यांनी वाटून टाकलेले जग

रोह्याजवळच्या वरसे गावातली एखादी विद्यार्थिनी आज ऑनलाइन रोल-प्लेइंग खेळाच्या सर्व्हरचा संपूर्ण कोड विनामूल्य उतरवून घेऊ शकते. त्यातली चूक शोधून तिने पाठवलेली दुरुस्ती योग्य ठरली, तर ती जगभरच्या खेळाडूंपर्यंत पोहोचते. या सोयीमागे चार दशकांचा इतिहास आहे आणि त्यात एकच वाद पुन्हा पुन्हा उभा राहतो. खेळातले जग कोणाचे?

खेळाडूच्या पडद्यावर दिसते ते केवळ चित्र. तलवारीचा वार लागला की चुकला, राक्षस मेल्यावर किती मोहरा मिळाल्या, काल बंद केलेले दार आज उघडे आहे की नाही, हे सारे सर्व्हर ठरवतो आणि लक्षातही तोच ठेवतो. म्हणून सर्व्हर बंद पडला की ते जगच नाहीसे होते. डबीतली चकती उरते, पण तिचा उपयोग नसतो.

आरंभ १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात झाला. रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ रचला. १९८७ मध्ये वेल्समधील ॲबरिस्टविथ येथे ‘ॲबरमड’ जन्मला. त्याच्या कर्त्यांपैकी ॲलन कॉक्स पुढे लिनक्सच्या आघाडीच्या प्रोग्रामरांमध्ये गणला गेला. लिनक्सच्या इतिहासात या खेळाचा उल्लेख सहसा येत नाही, हे नवलच.

खरी कलाटणी मिळाली ती कोपनहेगनमध्ये. तिथल्या विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाचे लघुनाम ‘डिकू’. १९९० मध्ये सेबॅस्टियन हॅमर, टॉम मॅडसन, कात्या न्यूबो, मायकेल सायफर्ट आणि हान्स हेन्रिक स्टेरफेल्ट या पाच विद्यार्थ्यांनी ‘डिकूमड’ लिहायला घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कोड सर्वांसाठी खुला केला. त्यांच्या रचनेत एक मोठे शहाणपण होते. खोल्या, प्राणी, वस्तू आणि प्रदेश यांची माहिती त्यांनी साध्या मजकुराच्या फायलींत ठेवली. परिणामी सी भाषा न येणारा मनुष्यही नवे गाव वसवू शकत होता, नवी गुहा खोदू शकत होता. मर्क, रॉम, सर्कलमड असे वंशज भराभर निघाले. वंशावळ इतकी फोफावली की अनेक वेगवेगळ्या सर्व्हरांवर खेळाडूची पहिली भेट मिडगार्ड याच नगरीशी होई.

प्रत वाढली की पाठ बदलतो, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या हस्तलिखितांत सुमारे तीनशे वर्षांत इतके पाठभेद शिरले, की शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ च्या सुमारास, पैठणच्या एकनाथांनी प्रती पडताळून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावले. सर्व्हरच्या जगाने याच्या उलट वाट धरली. नवी ओवी घाला, मात्र मूळ कर्त्यांची नावे पुसू नका.

डिकूमडच्या परवान्यात तसेच होते. खेळात प्रवेश करताना पाचही नावे दिसली पाहिजेत आणि त्यावर पैसा कमावता कामा नये. या दुसऱ्या अटीमुळे आजच्या काटेकोर व्याख्येत तो ‘ओपन सोर्स’ ठरतच नव्हता. शिवाय अट पाळली जाते की नाही हे पाहणार कोण? सर्व्हर दुसऱ्याच्या खोलीत चालतो, त्याचा कोड खेळाडूला दिसत नाही. १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या व्यावसायिक खेळात डिकूमडचा कोड वापरल्याची कुजबुज सुरू झाली. २००० मध्ये त्याच्या कर्त्यांनी तसे केले नसल्याचे प्रतिज्ञेवर लिहून दिले आणि डिकूच्या चमूने ते मान्य केले. वाद सभ्यपणे मिटला, तरी अडचण कायम राहिली.

पुढे गाडी उलट्या दिशेनेही धावली. कंपन्या सर्व्हर देत नाहीत म्हणून स्वयंसेवकांनी संगणक आणि सर्व्हर यांच्यातला संवाद न्याहाळून स्वतःचे सर्व्हर लिहिले. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’साठी २००५ मध्ये ‘मँगोस’ आणि २००८ मध्ये त्यातून ‘ट्रिनिटीकोर’ निघाले. कोड स्वतःचा असला, तरी चित्रे आणि कथा कंपनीच्या. त्यामुळे कायद्याची टांगती तलवार राहिली. २०१० मध्ये परवानगीविना असा सर्व्हर चालवून पैसे घेणाऱ्या एका व्यक्तीला अमेरिकी न्यायालयाने सुमारे ८.८ कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला. विनामूल्य चालणारा ‘नॉस्टॅलरियस’ कंपनीच्या कायदेशीर तंबीनंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. खेळाडूंची हळहळ मात्र वाया गेली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये खुद्द कंपनीनेच जुन्या खेळाची अधिकृत आवृत्ती उघडली.

याहून विलक्षण कथा फ्रान्सच्या ‘रायझम’ची. २००६ मध्ये त्याची मूळ कंपनी नेव्हरॅक्स बुडाली, तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून खेळ विकत घेण्याची मोहीम उभारली. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ६०,००० डॉलरचे आश्वासन दिले. मोहीम अयशस्वी ठरली. तरी मे २०१० मध्ये नव्या मालकांनी स्वतःहून कोड खुला केला आणि कलासामग्रीही खुल्या परवान्यावर दिली. कोडसाठी त्यांनी निवडलेला परवाना होता ‘एजीपीएल’. साध्या जीपीएलनुसार, बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिला तरच त्याचा कोड द्यावा लागतो आणि सर्व्हर तर कोणी कोणाला देतच नाही. एजीपीएलने ही फट बुजवली. बदललेला सर्व्हर जाळ्यावर चालवणाऱ्याने वापरणाऱ्यांनाही त्याचा कोड उपलब्ध करून दिला पाहिजे.

डिकूमडचा जुना परवाना अखेर २०२० मध्ये बदलला. मूळ कोड एलजीपीएल या मुक्त परवान्याखाली आला आणि पैसा न कमावण्याची अट तीस वर्षांनी गळून पडली. वरशातल्या त्या विद्यार्थिनीने आज तो उतरवून घेतला, तर मिडगार्डच्या खोल्या साध्या मजकुराच्या फायलींतच सापडतील. तिथे कुंडलिकेच्या काठचे एखादे गाव वसवायला कोणाची परवानगी लागणार नाही.