घोड्याचे सीरम आणि मास्ट पेशींची साक्ष

१८९७ च्या मार्च महिन्यात अलेक्झांडर यर्सिन प्लेगवरील घोड्याचे सीरम घेऊन मुंबईस आला, तेव्हा पुणे शहरही त्याच साथीने ग्रासलेले होते. सीरमचा गुण बेताचाच आला. परंतु सीरम टोचल्यावर दगावलेला रोगी प्लेगने गेला की सीरमने, हा प्रश्न त्या काळी नीट विचारताही येत नव्हता. कारण परक्या रक्तरसाने शरीरात उसळणाऱ्या ह्या घातक प्रतिक्रियेस नावच नव्हते. 'ॲनाफिलॅक्सिस' ही संज्ञा रिशे व पोर्त्ये ह्यांनी १९०२ मध्ये घडविली. 'ॲलर्जी' हा शब्द फॉन पिर्के ह्याने १९०६ मध्ये योजिला.

नवल असे की, ह्या प्रतिक्रियेतील मुख्य पेशीचे नामकरण त्यापूर्वीच, १८७८ मध्ये, पाउल एर्लिख ह्याच्या प्रबंधात झाले होते. कणांनी गच्च भरलेली ती पेशी त्यास पोसलेली वाटली, म्हणून 'मास्ट', म्हणजे जर्मन भाषेत पशूंस चारून पुष्ट करणे. आपल्या फारसी वळणाच्या 'मस्त'शी त्याचा अर्थतः संबंध नाही. तथापि तुलनात्मक व्युत्पत्तिशास्त्रात दोहोंचे मूळ एकाच धातूकडे नेले जाते, हे गमतीचे खरेच.

ह्या पेशी फुटताच हिस्टामीन बाहेर पडते, पण ते रक्तात काही मिनिटेच टिकते. ट्रिप्टेज हे विकर मात्र तास-दोन तासांत उच्चांक गाठते व सुमारे दोन तासांच्या अर्धायुष्याने ओसरते. १९८७ मध्ये श्वार्ट्झ व सहकाऱ्यांनी त्याचे रक्तातील प्रमाण ॲनाफिलॅक्सिसचा निदर्शक म्हणून मांडले. पुढे तुलनेचा नियमही ठरला: प्रतिक्रिया शमल्यावर किमान २४ तासांनी घेतलेल्या मूळ पातळीची १.२ पट करून तीत २ मिळवावे. प्रतिक्रियेच्या वेळचे प्रमाण त्याहून कमी नसेल, तर मास्ट पेशी उद्दीपित झाल्या असे मानावे. मूळ पातळी ५ नॅनोग्रॅम असल्यास ८ हा आकडा पुरेसा होतो. म्हणजे रूढ मर्यादेच्या आतील आकडाही दोषसूचक ठरू शकतो.

पुण्याचा व घोड्याच्या सीरमचा संबंध १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटमुळे पुन्हा जुळला. तिचे आरंभीचे काम धनुर्वातावरील प्रतिविषाचे होते. सर्पविषावरील औषध भारतात आजही घोड्याच्याच रक्तापासून होते. त्यामुळे शेतात साप चावलेल्या माणसाचा रक्तदाब औषध देताना एकाएकी कोसळला, तर तो विषाने की औषधाने, हा १८९७ चाच प्रश्न उभा राहतो. उत्तरासाठी थांबता येत नाही. ॲड्रेनलीन लक्षणे पाहूनच, तत्काळ द्यावे लागते. शिवाय अन्नजन्य प्रतिक्रियेत ट्रिप्टेज अनेकदा वाढतच नाही, आणि म्हणून वाढ न दिसल्याने निदान खोटे ठरत नाही. परीक्षेचा उपयोग नंतरचा, पुढच्या वेळी त्या रोग्यास तेच औषध कोणत्या सावधगिरीने द्यावे हे ठरविण्याचा. सुदैवाने ट्रिप्टेज टिकाऊ असल्याने वेगळे केलेले सीरम गोठवून दूरच्या प्रयोगशाळेत धाडता येते; मात्र नळीवर रक्त घेतल्याची वेळ लिहिलेली असावी लागते.