काश्मीरच्या धावपट्ट्या

युद्धाचा इतिहास सांगताना कोण लढले आणि कोण जिंकले, या दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. त्या दिवशी आभाळ कसे होते, वारा कोणत्या दिशेचा होता, पायांखालची जमीन ओली होती की कोरडी, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. आमच्या पूर्वजांना या गोष्टींचे मोल ठाऊक होते. दसऱ्याच्या सीमोल्लंघनामागे धर्माचाराइतकाच व्यवहार होता. पाऊस उघडला, नद्यांना उतार पडला, रानात घोड्यांपुरता चारा उभा राहिला की मोहिमेला निघावे, असा तो हिशेब. घोड्यांच्या जागी विमाने आली म्हणून हा हिशेब संपला, असे कोणास वाटत असेल तर तो भ्रम होय. तो अधिक कठीण मात्र झाला. १९४७-४८ च्या काश्मीरच्या युद्धात तो कसा मांडला गेला, हे या व्याख्यानात पाहण्याचा आमचा विचार आहे.

योगायोग असा की, ही हकीकतही दसऱ्यापासूनच सुरू होते. १९४७ साली दसरा २४ ऑक्टोबरला होता. त्याच दिवशी सरहद्दीकडून आलेल्या टोळीवाल्यांनी झेलमच्या काठचे महुराचे वीजघर घेतले आणि श्रीनगरचे दिवे विझले. दोन दिवसांत ते बारामुल्लात होते. तेथून श्रीनगर अवघे पस्तीस मैल. २६ ऑक्टोबरला महाराज हरिसिंग यांनी सामीलनाम्यावर सही केली आणि काश्मीरचे रक्षण करणे हे हिंदुस्थान सरकारचे कर्तव्य ठरले. पण कर्तव्य ठरले म्हणून वाट सापडत नाही. काश्मीरच्या खोऱ्यात जाण्याचा नेहमीचा चांगला रस्ता रावळपिंडीवरून होता आणि रावळपिंडी आता पाकिस्तानात होती. दुसरी वाट जम्मूवरून, सुमारे नऊ हजार फूट उंचीच्या बनिहाल खिंडीतून जाणारी. ती अरुंद, आणि हिवाळ्यात बर्फाने बुजणारी. त्या वाटेने पलटणी पोहोचेपर्यंत श्रीनगर हातचे गेले असते.

उरली ती एक पट्टी. श्रीनगरजवळच्या बडगामच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५,४०० फुटांवर, महाराजांच्या हलक्या विमानांसाठी तयार केलेले एक कच्चे मैदान होते. तेथे डांबर नव्हते, रात्रीचे दिवे नव्हते, पेट्रोलचा साठा नव्हता. २७ ऑक्टोबरच्या पहाटे दिल्लीहून पहिल्या शीख पलटणीची तुकडी डाकोटा विमानांतून निघाली, तेव्हा तिचे सेनानी लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय यांना दिलेली सूचना लक्षात घेण्याजोगी आहे. आधी मैदानावर घिरट्या घाला. ते शत्रूच्या हाती पडले आहे असे दिसले तर उतरू नका, जम्मूला परत फिरा. मैदान मोकळे होते. विमाने उतरली आणि श्रीनगर वाचले. राय स्वतः त्याच मोहिमेत, बारामुल्ल्याच्या रस्त्यावर, काही तासांतच धारातीर्थी पडले.

येथे डाकोटाबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. हे विमान त्या काळीही नवे नव्हते. परंतु त्याची चाके मोठी, उतरण्याचा वेग बेताचा आणि बांधणी दणकट असल्यामुळे गवताळ किंवा मुरमाड जमीन त्याला चालत असे. जमिनीला मात्र ते चालेलच असे नाही. हलक्या विमानांसाठी केलेल्या कच्च्या मैदानावर भरलेली डाकोटा विमाने एकामागून एक उतरू लागली की वरचा थर सुटतो, चाकांच्या चाकोऱ्या पडतात आणि पंख्यांच्या झोताने धुळीचा लोट उठतो. मागून येणाऱ्या वैमानिकाला मग पट्टी दिसत नाही. पाऊस पडला तर धूळ बसते, पण तिचा चिखल होतो. अशा मैदानावर दिल्लीहून १७ नोव्हेंबरपर्यंत सातशेहून अधिक फेऱ्या झाल्या. ज्यांनी ती जमीन रोजच्या रोज चोपून, खड्डे बुजवून वापरती ठेवली, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात आमच्या पाहण्यात नाहीत.

या मैदानाची किंमत शत्रूलाही कळली होती. ३ नोव्हेंबर रोजी टोळीवाले बडगामपर्यंत आले. कुमाऊँ पलटणीचे मेजर सोमनाथ शर्मा हात प्लास्टरमध्ये असतानाही आपल्या मूठभर जवानांसह तेथे ठाण मांडून राहिले आणि तेथेच पडले. पहिले परमवीरचक्र त्यांना मरणोत्तर मिळाले. त्यांचे शौर्य शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. पण त्यांनी प्राण दिले ते कशासाठी, असे विचारले तर उत्तर सरळ आहे : त्या कच्च्या मैदानासाठी. ते गेले असते तर मागून येणारी प्रत्येक पलटण दिल्लीतच अडकली असती.

पूँछची कथा याहून निराळी. तेथे मैदानच नव्हते. ते वेढ्यात असताना तयार करावे लागले. १९४७ च्या नोव्हेंबरपासून पूँछ वेढले गेले होते आणि आत सैनिकांबरोबर हजारो निर्वासित कोंडलेले होते. ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांनी सैनिक आणि निर्वासित यांच्याच हातांनी डिसेंबरात धावपट्टी तयार करविली. भोवती डोंगर आणि त्यांवर शत्रू. तेथे डाकोटा उतरवून दाखविली ती एअर कमोडोर मेहरसिंग यांनी. धान्य, दारूगोळा, तोफासुद्धा विमानाने आत गेल्या आणि परतीच्या फेरीत निर्वासित बाहेर पडले. १९४८ च्या नोव्हेंबरात जमिनीवरून वेढा फुटेपर्यंत, म्हणजे सुमारे वर्षभर, त्या पट्टीवर पूँछ जगले.

परंतु हवामानाची खरी परीक्षा लेहला झाली. १९४८ च्या हिवाळ्याअखेरीस मेजर पृथिचंद हे मोजके स्वयंसेवक घेऊन बर्फाने भरलेली झोजी ला खिंड ओलांडून लेहला पोहोचले. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने गावकऱ्यांना हाताशी धरून सिंधू नदीच्या खोऱ्यात धावपट्टी आखली. यंत्रे नव्हती, फावडी, टोपल्या आणि माणसे होती. २४ मे १९४८ रोजी मेहरसिंग यांनी जनरल थिमय्या यांना सोबत घेऊन तेथे डाकोटा उतरविली. विमानात हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती, पंखांवर जमणारे बर्फ काढण्याचे साधन नव्हते, मार्गाचे भरवशाचे नकाशेही नव्हते. काही दिवसांतच गुरखा जवान विमानाने तेथे पोहोचू लागले.

लेहची धावपट्टी समुद्रसपाटीपासून साडेदहा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. तेथे उतरणे एवढे कठीण का, हे थोडे समजून घेतले पाहिजे. विमानाचे पंख हवेवर तरतात आणि एंजिनही हवाच ओढून घेते. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊणपटीहूनही कमी भरते. उन्हाळ्यातल्या दुपारी हवा तापली की ती जेमतेम दोन-तृतीयांश उरते. म्हणजे जमीन सोडण्यासाठी विमानाला सुमारे पाव हिश्श्याने अधिक वेग हवा, आणि तो देणारे एंजिन मात्र अशक्त झालेले. साहजिकच धाव लांबते. पट्टी लांबविता येत नसेल तर ओझे कमी करावे लागते. सकाळी जे विमान ठरल्या वजनासह उडते, तेच दुपारी त्याच वजनासह उडेल याची शाश्वती नाही.

दुसरी अडचण वाऱ्याची. कोकणातल्या माणसाला खारे वारे आणि मतलई वारे सांगावे लागत नाहीत. डोंगराळ मुलखात तोच खेळ निराळ्या रीतीने चालतो. सकाळी ऊन चढले की दरीच्या उघड्या उतरणी तापतात, हवा वर चढू लागते आणि तिची जागा घेण्यासाठी खोऱ्यातून वारा धावतो. लडाखात झाडोरा नाही, ढग कमी, ऊन प्रखर. म्हणून दुपारचा वारा जोराचा, धुळीचा आणि डोंगरांवर आपटून भोवरे करणारा असतो. पहाटे सगळे निवांत असते. शिवाय पट्टीला चढ आहे आणि तिच्या पूर्वेच्या टोकापुढे डोंगर. त्यामुळे रीत अशी की, चढाच्या बाजूने उतरावे आणि उताराच्या बाजूने उडावे. आजही लेहची विमाने मुख्यतः सकाळीच येतात-जातात, याचे कारण हेच. दसऱ्याच्या मुहूर्ताइतकाच हा पहाटेचा मुहूर्त सृष्टीने घालून दिलेला आहे.

स्कार्दूची हकीकत याच्या नेमकी उलटी आहे. तेथे लेफ्टनंट कर्नल शेरजंग थापा यांनी अपुऱ्या शिबंदीनिशी सहा महिने वेढा सोसला. मदतीला निघालेल्या तुकड्या वाटेतच अडविल्या गेल्या. विमान तेथे उतरविता आले नाही; अरुंद खोऱ्यात लढाऊ टेंपेस्ट विमानांतून थोडेबहुत सामान टाकता आले, एवढेच. १४ ऑगस्ट १९४८ रोजी स्कार्दू पडले. थापांचे शौर्य पूँछच्या किंवा लेहच्या वीरांहून तसूभरही कमी नव्हते. शूर माणसांच्या पायांखाली विमान उतरेल अशी जमीन आहे की नाही, एवढ्यावर एक गाव राहिले आणि एक गेले, असे म्हटले तर ते अगदीच एकांगी ठरेल काय? आम्हांस तसे वाटत नाही. युद्धाला अनेक कारणे असतात हे खरे. पण या कारणाला आपल्या इतिहासात फारच खालचे पान मिळाले आहे.

या कथेचा एक धागा पुण्याशीही जुळतो. १९२८ साली हिंदुस्थानच्या हवामान खात्याची कचेरी सिमल्याहून पुण्यास आली आणि शिवाजीनगरची ती इमारत आजही लोकांच्या तोंडी 'सिमला ऑफिस' आहे. पुढे मुख्य कचेरी दिल्लीस गेली, तरी हवामानाचे नकाशे काढण्याची विद्या आपल्याकडे ज्या घरांत वाढली त्यांपैकी हे एक. हिवाळ्यात काश्मीरवर बर्फ आणणारी वादळे पश्चिमेकडून, थेट भूमध्य समुद्राच्या बाजूने येतात. त्यांची चाहूल देणारी पेशावर, क्वेटा ही वेधस्थाने फाळणीनंतर दुसऱ्या देशात राहिली. ज्या दारातून पाहुणा येतो त्या दाराची खिडकीच परक्या घरात जावी, तसे झाले. बनिहालवर ढग किती आहेत, हे वैमानिकाला पुष्कळदा तेथे जाऊनच पाहावे लागत असे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९६२ च्या जुलैत स्क्वाड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी काराकोरमजवळच्या दौलत बेग ओल्डी येथे, सोळा हजार सहाशे फुटांवर, पॅकेट जातीचे विमान उतरविले. विरळ हवेला तोंड देण्यासाठी त्याच्या दोन एंजिनांना पाठीवरच्या एका जेट एंजिनाची जोड दिलेली होती. १९६६ साली भूकंपाने तेथील जमीन भुसभुशीत झाली आणि ती पट्टी सोडून द्यावी लागली. ३१ मे २००८ रोजी तेथे पुन्हा एएन-३२ विमान उतरले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी सी-१३०जे हे मोठे विमान. जे शत्रूला साधले नव्हते ते जमिनीच्या एका हादऱ्याने साधले होते, आणि ती उणीव भरून काढावयास बेचाळीस वर्षे लागली.

आता यांतून घ्यावयाचे ते काय? शौर्याची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. मेहरसिंगांसारखा वैमानिक नसता तर लेहची पट्टी म्हणजे एक झाडलेले माळरान राहिले असते. पण ते माळरान कोणी झाडलेच नसते, तर मेहरसिंगांना उतरावयास जागा नव्हती. किल्ला लढविणाऱ्याचे नाव आपण घेतो. तट बांधणारे पाथरवट आणि गवंडी अनामिक राहतात, ही आपली जुनी खोड आहे. लेहच्या टोपल्या वाहणाऱ्या बाया-माणसांना, पूँछच्या निर्वासितांना आणि पहाटे वाऱ्याची दिशा टिपून ठेवणाऱ्या वेधकाला त्या इतिहासात एकेक ओळ मिळाली पाहिजे. ती ओळ लिहिली गेल्यावाचून काश्मीरच्या युद्धाचा वृत्तांत पुरा झाला, असे आम्ही तरी मानणार नाही.