ओळीच्या शेवटचा अदृश्य तेरा

पनवेलमध्ये नगरपालिका आली १८५२ साली, महानगरपालिका २०१६ साली. पहिल्या काळातील सभेत एखाद्याला थांबवायचे तर अध्यक्षांचा आवाजच हवा. आजच्या दूरस्थ बैठकीत मात्र ‘माइक बंद’ हा आदेश ध्वनियंत्राला सिरियल तारेतून साध्या इंग्रजी अक्षरांत देता येतो.

अक्षरे अचूक असतात, वेगही जुळलेला असतो, तरी कित्येकदा यंत्र ढिम्म हलत नाही. माइक चालूच राहतो आणि खासगी कुजबुज सर्वांच्या कानी जाते! कारण बहुधा एकच. आदेशाच्या शेवटी १३ क्रमांकाचे न दिसणारे चिन्ह, म्हणजे ‘कॅरेज रिटर्न’, पाठवायचे राहिलेले असते.

या चिन्हाचे मूळ तारयंत्रात आहे. एमिल बोदो याने पाच घटकांची संकेतलिपी तयार केली. पुढे १९०१ च्या सुमारास डोनाल्ड मरे याने तिला टंकयंत्रासारखा कळफलक जोडला आणि कागदाचा गाडा ओळीच्या आरंभी आणणारा संकेत घातला. गाडा तेव्हा खराखुरा, धातूचा होता. १९६० चे आरएस-२३२ हे प्रमाणही टेलिप्रिंटर मोडेमला जोडण्याच्याच गरजेतून आले. १९६३ च्या आस्की संकेतात त्या जुन्या खुणेला जागा मिळाली.

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये थांबली. सभागृहातील ती पेटी मात्र अजून त्या गाड्याची वाट पाहते.