मल्टिव्हिटॅमिन आणि बी-कॉम्प्लेक्स : एकच व्हिटॅमिन दोनदा तर घेत नाही ना?

मागच्या वर्षी माझ्या थायरॉइडच्या रिपोर्टमध्ये टीएसएच खूपच कमी आलं. औषध लिहिण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "केसांसाठी काही घेतोस का?" घेत होतो. बायोटिनच्या गोळ्या, शिवाय मल्टिव्हिटॅमिन. त्या बंद करून आठवड्याने परत टेस्ट केली, तर रिपोर्ट नॉर्मल! आजार नव्हताच, रीडिंग चुकलं होतं.

नावं वेगळी, व्हिटॅमिन एकच

लेबलवर 'बी६' असं सरळ लिहिलेलं असेलच असं नाही. पायरिडॉक्सिन म्हणजे बी६, नायासिनामाइड म्हणजे बी३, बायोटिन म्हणजे बी७, फॉलिक अ‍ॅसिड म्हणजे बी९ आणि मिथाइलकोबालामिन म्हणजे बी१२. म्हणून दोन बाटल्यांत तेच व्हिटॅमिन असलं तरी चटकन कळत नाही.

जास्त झालं तर?

"जास्तीचं लघवीतून निघून जातं" हे अर्धंच खरं आहे.

- बी६ : बरेच दिवस जास्त डोस घेतला तर नसांना इजा होते, हातापायांना मुंग्या येतात. मोठ्यांसाठी रोजची कमाल मर्यादा अमेरिकेत १०० मिलिग्रॅम आहे. युरोपने २०२३ मध्ये ती १२ ठरवली. गोंधळ असा, की बी१२ कमी असलं तरी मुंग्याच येतात. मग माणूस आणखी गोळ्या घेतो, आणि त्यातही बी६ असू शकतं.
- फॉलिक अ‍ॅसिड : जास्त घेतल्यास बी१२ च्या कमतरतेमुळे होणारा अ‍ॅनिमिया दिसत नाही, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. गोळ्यांमधून रोज १,००० मायक्रोग्रॅम ही मर्यादा. शाकाहारी असाल तर जास्त लक्ष द्या.
- बायोटिन : रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, केसांच्या गोळीत ५,००० ते १०,०००! लॅबच्या काही टेस्ट बायोटिन वापरूनच चालतात, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन त्यांना फसवतं. हार्ट अटॅक ओळखणारी ट्रोपोनिन टेस्टसुद्धा खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला होता.

फोनवर ५ मिनिटांचं काम

१. प्रत्येक बाटलीच्या मागच्या लेबलचा फोटो काढा. प्रोटीन पावडर, एनर्जी ड्रिंकही सोडू नका.
२. स्प्रेडशीटमध्ये व्हिटॅमिनप्रमाणे आकडे भरा. १ मिलिग्रॅम म्हणजे १,००० मायक्रोग्रॅम, युनिट बघूनच बेरीज करा.
३. ही यादी डॉक्टरांना दाखवा. रक्त द्यायच्या आधी लॅबमध्येही बायोटिनबद्दल सांगा.

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मात्र बेरीज बघून स्वतःच बंद करू नका. आधी विचारा.