बर्फाच्या पिशवीची कुळकथा

बंद पडलेलं हृदय छाती दाबून, शॉक देऊन पुन्हा सुरू झालं, की आयसीयूबाहेरच्या नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. डॉक्टरांचा घोर मात्र तिथून पुढे सुरू होतो. रक्तावाचून राहिलेल्या मेंदूची पडझड रक्त परत आल्यावरही कित्येक तास चालूच असते.

तिच्यावर गारव्याचा उतारा जुना आहे. नेपोलियनचा शल्यचिकित्सक लारे याला १८१२च्या रशियन मोहिमेत दिसलं, की शेकोटीजवळचे जखमी लवकर दगावतात, गारठ्यातले तग धरतात. अमेरिकेत पीटर सफार यांनी १९६४ सालीच लिहून ठेवलं होतं: हृदय सुरू होऊनही रुग्ण शुद्धीच्या वाटेवर दिसत नसेल, तर अर्ध्या तासात त्याला गार करायला घ्या. पण फार गार केलं की ठोके बिघडत, जंतुसंसर्ग होई. उपाय अडगळीत गेला.

तो बाहेर काढला मेलबर्नच्या स्टीफन बर्नार्ड यांनी. त्यांच्या प्रयोगाची वाटणी पुण्यातल्या पार्किंगच्या पाटीसारखी: विषम तारखेचा रुग्ण गार करायचा, सम तारखेचा नाही. रुग्णवाहिकेतच कपडे उतरवून डोक्याला आणि धडाला थंड पिशव्या लावायच्या. मग बारा तास ३३ अंश सेल्सिअस. गार केलेल्या ४३ जणांपैकी २१ जण घरी किंवा पुनर्वसन केंद्रात जाण्याइतके सावरले. बाकीच्या ३४ पैकी फक्त ९. फेब्रुवारी २००२मध्ये हा निबंध आणि २७५ रुग्णांचा युरोपीय अभ्यास एकाच अंकात छापून आले. निष्कर्ष एकच. बर्फ आयसीयूत शिरला.

स्वीडनच्या निक्लास निल्सन यांना मात्र एक शंका होती. युरोपीय अभ्यासात गार न केलेल्या बऱ्याच रुग्णांना ताप चढला होता. मग फायदा बर्फाचा, की ताप न येण्याचा? २०१३मध्ये त्यांच्या चमूने ३३ आणि ३६ अंशांची तुलना केली. फरक दिसला नाही. २०२१मध्ये १,९०० रुग्ण घेतले. निम्म्यांना ३३ अंशांवर नेलं, निम्म्यांचा फक्त ताप अडवला. सहा महिन्यांनी दोन्हीकडे जवळपास निम्मे दगावलेले, आणि ठोके बिघडण्याचा त्रास गार केलेल्यांनाच जास्त.

माझ्या मते बर्फाने वीस वर्षं दुसऱ्याच्या श्रेयावर मिरवून घेतलं.

२०२२मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी नवी सूचना दिली: बेशुद्ध रुग्णाचं तापमान किमान ७२ तास ३७.७ अंशांच्या वर जाऊ देऊ नका. आपल्या घरातल्या फॅरनहाइटच्या थर्मामीटरवर हा आकडा शंभरच्या किंचित खाली येतो.