टर्कीची शिकार : नेम आणि छऱ्यांचा फैलाव

रानटी टर्की (शास्त्रीय नाव मेलिआग्रिस गॅलोपाव्हो) हा उत्तर अमेरिकेच्या जंगलांत आणि माळांवर जमिनीवर चरणारा मोठा पक्षी आहे. पूर्ण वाढलेला नर साधारण ७ ते ११ किलो भरतो. अलास्का वगळता अमेरिकेच्या उरलेल्या ४९ राज्यांत वसंतात त्याच्या शिकारीचा हंगाम असतो आणि ती मुख्यतः छऱ्याच्या बंदुकीने, म्हणजे शॉटगनने, केली जाते. भारतात टर्की आला तो माणसाळलेला पक्षी म्हणून. १६१२ मध्ये मोगल सरदार मुकर्रब खानाने गोव्याहून बादशहा जहांगीरच्या दरबारी नेलेल्या नवलाईच्या वस्तूंत एक टर्की होता आणि दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेले त्याचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्रस्तुत नोंद रानातल्या पक्ष्यापुरती आहे.

वसंत हा नराच्या माजाचा काळ. झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेला शिकारी मादीच्या आवाजाची नक्कल करतो, नराला जवळ येऊ देतो आणि बहुधा एकच बार उडवतो. उडत्या बदकावर बंदूक फिरवत नेण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. शॉटगन असली तरी नेम रायफलीसारखा धरावा लागतो.

टर्कीच्या धडावर छर्रे मारणे ही ढोबळ चूक मानली जाते. पंखांची हाडे, दाट पिसे आणि छातीचे जाड मांस यांत छऱ्यांचा जोर जिरतो. घायाळ पक्षी झुडपांत पळतो किंवा उडून जातो आणि कोठेतरी मरून पडतो. मिळालाच तर मांसात शिसे रुतलेले असते. कवटी आणि मानेचे मणके यांत चार-सहा छर्रे बसले तर मात्र तो जागीच कोसळतो. म्हणून लक्ष्य डोके आणि मान एवढेच. पण माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, थेट डोक्यावर टेकवू नये. डोके लहान असते आणि चालताना सतत पुढेमागे हलते, शिवाय निम्मे छर्रे त्याच्यावरून निघून जातात. पिसे संपून लाल, गाठाळ उघडी कातडी जिथे सुरू होते, तो मानेचा भाग ही नेमाची रूढ जागा. तिथे नेम धरला तर फैलावाचा दाट गाभा वर कवटीपर्यंत पोहोचतो आणि हात थोडा वरखाली झाला तरी मान सुटत नाही. छर्रे फार दाट पडणाऱ्या बंदुकीसाठी काहीजण याहून थोडे वर, मानेच्या मध्यावर, नेम धरतात. तेही चुकीचे नाही.

पिसारा फुलवून नाचणारा नर दिसायला देखणा असला तरी त्या क्षणी चाप ओढणे योग्य नसते. तेव्हा तो मान खांद्यांत ओढून घेतो, मणके दुमडलेले असतात आणि समोर छातीची पिसेच अधिक असतात. एखादा तुटक आवाज काढला की तो पिसारा मिटून मान ताठ करतो आणि कानोसा घेतो. बार उडवायचा तो याच वेळी. पाठीमागे दुसरा पक्षी उभा नाही, हेही पाहावे लागते. छऱ्यांना मागचापुढचा भेद कळत नाही.

नेम चुकण्याचे सर्वांत नेहमीचे कारण बंदुकीत नसून गालात असते. पक्षी नीट दिसावा म्हणून शिकारी दस्त्यावरून गाल उचलतो, त्याची नजर वरून येते, नळीचे तोंड नकळत वर राहते आणि सगळा बार टर्कीच्या डोक्यावरून जातो. नळीवर एकच मणी असलेल्या बंदुकीत ही चूक हटकून होते. म्हणून दोन मणी, पुढेमागे चमकत्या तंतूंची माशी किंवा लाल ठिपक्याची दुर्बीण बसवतात. जवळचा पक्षी सोपा वाटतो, पण १० यार्डांवर नळीच्या आवळलेल्या तोंडातून, म्हणजे घट्ट चोकमधून, निघालेले छर्रे मुठीएवढ्याच जागेत असतात. त्यामुळे जरा चुकले की पूर्ण चुकले.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेले आकुंचन. १२ बोअरच्या नळीचा व्यास साधारण १८.५ मिलिमीटर असतो. ‘फुल’ चोक तो सुमारे ०.९ मिलिमीटरने कमी करतो, तर टर्कीसाठीचे खास चोक याहूनही घट्ट असतात. परंतु अधिक घट्ट म्हणजे अधिक चांगले, असे मात्र नाही. मऊ शिशाचे छर्रे फार आवळले गेले तर चेपतात, भरकटतात आणि फैलावात भोके पडतात. तांब्याचा मुलामा दिलेले छर्रे कमी चेपतात. छऱ्यांचा क्रमांक वाढतो तसा आकार घटतो : ४ क्रमांकाचा छर्रा ३.३ मिलिमीटरचा, ६ क्रमांकाचा २.८ मिलिमीटरचा. टर्कीसाठी शिशाचे ४, ५ आणि ६ हे क्रमांक रूढ आहेत. टंगस्टनच्या मिश्रधातूचे छर्रे शिशाहून खूपच जड असल्याने ९ क्रमांकाचा जेमतेम २ मिलिमीटरचा छर्राही पुरेसा खोल जातो. एका काडतुसात ते कितीतरी अधिक मावतात, म्हणून २० बोअरची हलकी बंदूकही या शिकारीला चालू लागली. मात्र हे छर्रे कठीण असतात आणि महागही. चोक त्यांना चालतो की नाही, हे निर्मात्याच्या सूचनेत पाहूनच ते वापरावेत.

एकाच कारखान्यात बनलेल्या दोन बंदुकाही तेच काडतूस सारखे फेकत नाहीत. काडतुसाच्या खोक्यावर काय छापले आहे याला म्हणूनच फारसा अर्थ नाही. बंदुकीची खरी ताकद कागदावर कळते. यासाठी सुमारे ३ फूट लांबरुंद कागद उभा करून मध्यभागी खूण करतात. बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण लावून, आधी २० यार्डांवरून हलक्या काडतुसांचे बार काढतात. छऱ्यांचा मध्य खुणेवर येतो की बाजूला जातो, एवढेच या टप्प्यात पाहायचे असते. टर्कीची काडतुसे खांद्याला जबर धक्का देतात आणि त्या भीतीने माणूस डोळे मिटून चाप झटकतो, म्हणून सुरुवात हलक्यांनी. मध्य सरकलेला असेल तर माशी किंवा दुर्बीण जुळवून घेतात.

नंतर शिकारीची काडतुसे २०, ३० आणि ४० यार्डांवरून उडवतात. एका बारावरून निष्कर्ष काढू नये. प्रत्येक अंतरावर किमान तीन कागद हवेत. बदकांच्या शिकारीत ४० यार्डांवर ३० इंचांचे वर्तुळ मोजण्याची पद्धत आहे आणि त्यात ७० टक्के छर्रे पडले तर चोक ‘फुल’ समजला जातो. टर्कीसाठी हे माप फार सैल ठरते. येथे सर्वांत दाट भागाभोवती १० इंचांचे वर्तुळ काढून आतली भोके मोजतात. शंभराच्या आसपास भोके असावीत असा संकेत आहे. संख्येइतकीच महत्त्वाची असते ती एकसारखी वाटणी : भोके एका बाजूला दाटली आणि दुसरीकडे तळहाताएवढी जागा कोरी राहिली, तर मान नेमकी त्या कोऱ्या जागेत सापडू शकते. टर्कीचे डोके आणि मान प्रत्यक्ष आकारात छापलेले कागदही मिळतात. त्यांवर कवटी व मणके वेगळे दाखवलेले असतात. फक्त लोंबत्या लाल कातडीत पडलेले छर्रे हिशेबात धरत नाहीत.

ज्या अंतरावर हा कागद विरळ होतो, ती त्या बंदुकीची मर्यादा. बऱ्याच जणांसाठी ती ४० यार्डांच्या, म्हणजे ३७ मीटरांच्या, अलीकडेच संपते. रानात अंतराचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून बसल्यावर आधीच आसपासचे एखादे झाड वा दगड मोजून ठेवतात. बंदुकीच्या मर्यादेपलीकडचा पक्षी सोडून द्यावा. जोरदार काडतूस हाती असले म्हणून लांबचा बार मारणे ही शिकार नव्हे.

नराचे डोके लाल, पांढरे आणि निळसर असते, म्हणून दुसऱ्याने टर्की समजून बार उडवू नये यासाठी शिकारी या रंगांचे कपडे अंगावर घेत नाहीत. टर्कीचा आवाज आला म्हणजे टर्कीच आहे, असे धरून चालत नाही : तो दुसऱ्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. पूर्ण पक्षी आणि छातीवरची केसाळ दाढी दिसल्याशिवाय बोट चापावर जाऊ नये. बऱ्याच राज्यांत वसंतात दाढीवालाच पक्षी मारता येतो. छऱ्यांचा क्रमांक, धातू आणि शिकारीची वेळ यांचे नियम राज्याराज्यांत निराळे आहेत. चोक, काडतूस किंवा दुर्बीण यांपैकी एक जरी बदलले, तरी कागदावरची चाचणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.